इंग्रज मास्तरांचा सत्कार

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरातच अडकतो. आमच्या मराठी मंडळाच्या बुद्धिबळ वर्गाचे मास्तर गाडी चालवत नसत. इंग्लंडमध्ये त्यांना तशी गरज कधी पडली नाही, आणि इथे आले तेव्हा साठी उलटली होती. पत्नी चालवत असे. ती गेल्यावर दर रविवारी सकाळी त्यांना घरून आणणे आणि दुपारी परत पोचवणे हे काम माझ्याकडे आले. मी निवृत्त होतो. पाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांचे आराखडे तपासण्यात माझी नोकरी गेली होती, आणि रविवारी तपासावे असे काही उरले नव्हते.

वर्ग सुरू झाला दोन हजार दोन साली. देवळाच्या आवारातल्या सभागृहात मंडळाची मराठी शाळा भरत असे. मुले तिथे कंटाळत. बाराखडीच्या जोडीला बुद्धिबळ ठेवले तर मुले टिकतील, असे पालकांना वाटले. त्यांच्यातल्या एकीच्या कार्यालयात एक अमेरिकन बाई संख्याशास्त्रज्ञ होत्या. आपला नवरा इंग्रज असून बुद्धिबळातला इंटरनॅशनल मास्टर आहे, आणि सध्या घरी बसून आपल्या स्वयंपाकात चुका काढतो, असे त्या बाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या. मंडळाने चौकशीला मला पाठवले. मला बुद्धिबळ येते असा माझा लौकिक होता.

ते घरातही टाय बांधून बसले होते. मी कोणाकडून शिकलो, असे त्यांनी विचारले. वडिलांकडून, देशी पद्धतीने, असे मी सांगितले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते, राजाला एकदा घोड्याची चाल खेळता येते, आणि प्याद्याने मात केली तर जिंकणाऱ्याचा मान मोठा. त्यांनी या पद्धतीबद्दल वाचले होते, खेळलेला माणूस पाहिला नव्हता. वर्गाची गोष्ट बाजूला राहिली आणि पट मांडला गेला. सवयीने ते प्यादे दोन घरे सरकवत, लगेच "क्षमा करा" म्हणत आणि एक घर मागे घेत. तरीही जिंकले. मात प्याद्याने करता आली नाही याचे त्यांना वाईट वाटलेले दिसले.

त्यांचे आयुष्य मला गाडीत कळले, तुकड्यातुकड्यांनी. जाण्यायेण्याचा रस्ता लांब नव्हता, आणि ते एका फेरीत एकच गोष्ट सांगत.

जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावातला. वडील मागावर देखरेख करत. बुद्धिबळ मास्तर गावच्या वाचनालयात शिकले. तिथे बोलायला बंदी होती, त्यामुळे गावातले खेळणारे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत, आवाजाने नाही. पुढे गणिताचे शिक्षक झाले. शुक्रवारी शाळा सुटली की आगगाडीने कुठल्यातरी गावी जायचे, शनिवार-रविवार स्पर्धा खेळायची आणि सोमवारी सकाळी फळ्यासमोर उभे राहायचे, असे त्यांनी अनेक वर्षे केले. पहिली पत्नी याच काळात सोडून गेली. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही, असे ते म्हणत. इंग्लंडच्या संघात राखीव खेळाडू म्हणून निवड झाली. एका माजी जगज्जेत्याशी एकदा बरोबरी साधली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यातल्या एका ओळीत यांचे आडनाव चुकले होते. इंटरनॅशनल मास्टर हा किताब चाळिशीत मिळाला. तेवढ्यात त्यांच्या देशात पोरांची एक नवी पिढी आली. ज्या शाळांत जाऊन त्यांनी एकाच वेळी वीस-वीस मुलांशी खेळून दाखवले होते, त्याच शाळांतल्या मुलांनी पाच-सहा वर्षांत त्यांना मागे टाकले.

ग्रँडमास्टर हा वरचा किताब अर्ध्या गुणाने हुकला. शेवटच्या फेरीत बरोबरी पुरेशी होती आणि प्रतिस्पर्ध्याने ती स्वतःहून देऊ केली होती. यांनी नाकारली, कारण पटावर यांचा डाव चांगला होता आणि चांगला डाव अर्धवट सोडणे यांना बरे वाटले नाही. पुढे हरले.

"मी घेतली असती," मी म्हणालो.

"माझी पत्नीही हेच म्हणायची," ते म्हणाले. "दोन्ही पत्नी."

आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत होई. मी इथे मराठीत लिहितो आहे, कारण मला ते मराठीतच आठवते.

दुसऱ्या पत्नीच्या नोकरीमुळे ते इथे आले होते. दोन हजार चार साली ती वारली. इंग्लंडमधली मुलगी दर रविवारी दुपारी फोन करी. समुद्राकाठच्या एका गावात वृद्धांसाठी चांगली सोय आहे, तिथे या, मला येता-जाता बघता येईल, असे तिचे म्हणणे होते. त्यांनी ती जागा एकदा जाऊन पाहिली. परत आल्यावर गाडीत म्हणाले, "सगळ्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या आहेत. एकाही खुर्चीसमोर दुसरी खुर्ची नाही." मुलीला त्यांनी एकच उत्तर ठरवून ठेवले होते: इथे माझा वर्ग आहे, वर्ग आहे तोवर मी इथे लागतो. ती कर्तव्याचा मान ठेवणारी होती. वर्ग आहे म्हटले की गप्प बसे.

म्हणजे तो वर्ग होता म्हणून ते इथे होते. मंडळात हे मला ठाऊक होते आणि माझ्या पत्नीला. आम्ही ते इतरांनाही सांगितले होते. ऐकणाऱ्याने "हो का?" म्हणावे आणि विषय बदलावा, अशा प्रकारे ते ऐकले गेले.

शिकवण्याची त्यांची पद्धत उलटी होती. मुलांना सुरुवातीच्या चाली हव्या असत. सापळे, चौथ्या चालीत मात. ते पटावर दोन राजे आणि एक प्यादे ठेवत आणि म्हणत, हे जिंकून दाखवा. संपूर्ण सकाळ त्यात जाई. दुसरे म्हणजे, ते डाव सोडायला शिकवत. आपण हरलो आहोत हे कळल्यावर समोरच्याला मात करायला लावणे असभ्यपणाचे आहे. उभे राहावे, डोळ्यांत पाहावे, हात पुढे करावा. याचा ते सराव करून घेत. दहा-बारा मुले जोडीजोडीने उभी राहून एकमेकांना हात देत आहेत आणि मास्तर "नजर वर, नजर वर" म्हणत मधून फिरत आहेत, असे दृश्य मी पुष्कळदा पाहिले. पालक दारातून पाहत आणि एकमेकांकडे बघत.

इथल्या शालेय स्पर्धांत मुलांना नेमके उलटे शिकवतात. डाव कधीही सोडायचा नाही. समोरही लहान मूलच आहे, ते चुकेल.

दोन हजार सातच्या वसंतात राज्यपातळीवरच्या शालेय स्पर्धेत आमच्या वर्गाचा संघ गेला. शेवटच्या फेरीत एक अकरा वर्षांची मुलगी वजीर गमावून बसली होती. समोरच्या मुलाच्या घड्याळात फारच थोडा वेळ उरला होता. ती उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि हात पुढे केला. संघाचा करंडक अर्ध्या गुणाने गेला.

हॉटेलच्या मार्गिकेत तिचे वडील तिला विचारत होते. हे गृहस्थ नागपूरचे, औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, एरवी विनोदी.

"अगं, त्याचं घड्याळ बघितलं नाहीस का तू?"

"आय सॉ इट, बाबा."

"मग?"

"आय वॉज लॉस्ट."

"अगं, तो पण लॉस्टच होता! टाइमवर लॉस्ट होता!"

मुलगी म्हणाली, "दॅट्स नॉट द सेम थिंग." आणि पाणी प्यायला गेली. मास्तर जवळच उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हते, पण मुलीची वाक्ये कळली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. ते त्या वेळी दिसायला नको होते. नागपूरकरांना ते दिसले.

पुढच्या महिन्यात समितीची बैठक झाली. मी समितीवर नव्हतो. ज्येष्ठ म्हणून बोलावले होते. अध्यक्षा पुण्याच्या, संगणक क्षेत्रातल्या, कामाला वाघ आणि बोलायला मृदू. त्यांची दोन्ही मुले वर्गात होती.

"यार, हा माणूस आपल्या मुलांना हरायला शिकवतोय," नागपूरकर म्हणाले. "आणि आपण त्याला गाडीने आणतो-पोचवतो."

"मी आणतो," मी म्हणालो.

"तुमच्याबद्दल नाही हो काका."

अध्यक्षा म्हणाल्या, "काका, सरांबद्दल आम्हाला रिस्पेक्ट आहेच. पण चेन्नईचे एक ग्रँडमास्टर ऑनलाइन शिकवायला तयार झालेत. मुलांना घरबसल्या करता येईल, ड्राइव्ह नको, काही नको. आणि ते ग्रँडमास्टर आहेत ना. सर नुसते इंटरनॅशनल मास्टर आहेत."

वर्ग बंद झाला तर त्यांना इंग्लंडला जावे लागेल आणि त्यांना जायचे नाही, हे मी पुन्हा सांगितले. सगळ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "पण काका, मुलीजवळ राहणं चांगलंच ना? माझे आईबाबा तिकडे एकटे आहेत, मला रोज टेन्शन असतं." त्याचा स्वर खरा होता. मताला टाकले, ठरले.

मग प्रश्न आला, त्यांना सांगायचे कोणी.

"काका, तुम्हीच सांगा ना. तुमचं त्यांच्याशी जमतं."

"निर्णय तुमचा आहे. तुम्ही सांगा."

"फार ऑकवर्ड होतं हो."

मग कोणीतरी म्हणाले, "आपण सरांचा सत्कार करू या ना. दिवाळीच्या कार्यक्रमात." आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. शाल, श्रीफळ, मानपत्र. आपल्याकडे एखाद्याला असे समारंभाने गौरवले की तो आता बाजूला झाला, हे सभागृहातल्या प्रत्येकाला समजते. कोणालाच काही बोलावे लागत नाही. ही रीत इंग्रज माणसाला माहीत असण्याचे कारण नाही, एवढे मी लक्षात आणून दिले.

"कळेल हो त्यांना," अध्यक्षा म्हणाल्या. "इतकी मोठी शाल देतोय म्हटल्यावर."

घरी आल्यावर मी पत्नीला सांगितले. ती कोथिंबीर निवडत होती. "म्हणजे हार घालून घराबाहेर काढायचं," ती म्हणाली. "आपल्या लोकांना हे बरं जमतं. तुम्ही काय केलंत?"

"विरोध केला."

"आणि?"

"आणि काही नाही."

निमंत्रण त्यांना संगणकावर गेले. त्यानंतरच्या रविवारी ते गाडीत बसले ते हसतच. इंग्लंडमध्ये पन्नास वर्षे खेळलो, शिकवले, लिहिले. असे काही कोणी केले नाही, असे म्हणाले. पुढच्या वर्षी मोठ्या मुलांना हत्तीचे डावान्त, म्हणजे शेवटी हत्ती उरतात तेव्हाचे डाव, शिकवायचे मनात आहे, आता मुले त्याला तयार झाली आहेत, हेही म्हणाले. मी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घेतली आणि सरळ सांगितले.

ते समोरच्या काचेतून पाहत राहिले. एक बाई सामानाची ढकलगाडी रिकामी करत होती. तिची गाडी निघून गेली.

"म्हणजे गौरव आणि निरोप हा तुमच्याकडे एकच समारंभ असतो?"

"पुष्कळदा."

"आणि हे सगळ्यांना माहीत असतं?"

"सगळ्यांना."

"फार काटकसरीचं आहे," ते म्हणाले. मग विचारले, "तिथे मला बोलता येईल का?"

मी म्हणालो, येईल. सत्काराला उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचेच असतात. हे ऐकून ते सावरले. त्यांना एक वर्ष मागायचे होते. तक्रार करायची नव्हती. सगळे पालक एका जागी असतील, सगळ्यांसमोर विनंती केली तर कदाचित कोणी नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. आपल्या लोकांना समोरासमोर नाही म्हणता येत नाही. त्याच कारणाने तर हा सत्कार ठरला होता. मी त्याच दिवशी अध्यक्षांना फोन केला. "हो हो काका, दोन मिनिटं ठेवते ना सरांसाठी. सर्टनली," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये ते मला भाषण ऐकवत. तीन वाक्ये होती. मी सुरुवातीच्या चालीही शिकवीन. स्पर्धांची तयारी करून घेईन. डाव सोडायला शिकवणे बंद करीन.

"हे तिसरं खरंच कराल?" मी विचारले.

"त्या खुर्च्यांच्या मानाने लहान गोष्ट आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून असे काही ऐकण्याची मला सवय नव्हती. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

दिवाळीचा कार्यक्रम सकाळी होता. शाळेचे सभागृह भाड्याने घेतले होते आणि दोन वाजता रिकामे करायचे होते. गणेशवंदना लांबली. मग ध्वनिक्षेपक बिघडला. मग स्थानिक प्रायोजकाने स्वतःच्या व्यवसायावर भाषण केले. मास्तर पहिल्या रांगेत करड्या सुटात बसले होते. मी शेजारी, पलीकडे माझी पत्नी. त्यांचे ओठ अधूनमधून हलत होते.

नाव पुकारले तेव्हा ते ताठ चालत व्यासपीठावर गेले. शाल घातली. नारळ दिला. नारळ कसा धरायचा हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी शेंडी खाली करून दोन्ही हातांत धरला. अध्यक्षांनी मानपत्र वाचले. सुंदर वाचले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, नागपूरकरांनी सगळ्यांत जोरात. फोटो झाले. मास्तर ध्वनिक्षेपकाकडे वळले. सूत्रसंचालन करणारी तरुण बाई तोवर तिथे पोचली होती. "पुन्हा एकदा जोरदार टाळ्या आपल्या लाडक्या सरांसाठी! आणि आता येताहेत आपले छोटे कलाकार..." संगीत सुरू झाले. दोन्ही बाजूंनी चमचमते कपडे घातलेली मुले धावत आली. मास्तर मधोमध उभे होते. मुलांनी त्यांच्या भोवतीने नाच सुरू केला.

मी पायऱ्यांपाशी गेलो. "त्यांना बोलायचं आहे. दोन मिनिटं ठरली होती."

"काका, प्लीज, अजून पाच आयटम आहेत. केटररवाला ओरडतोय."

"त्यांचं उत्तर राहिलं आहे."

"जेवताना बोलू द्या ना काका, सगळ्यांना भेटतीलच." एका स्वयंसेवकाने मास्तरांना कोपराला धरून खाली आणले. ते माझ्याजवळ येऊन बसले. आता बोलायचे का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, आता नाही. नंतर का, असेही विचारले. त्या वेळी व्यासपीठावर चढून संगीत बंद करणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही, आणि ते गाणे लहान मुलांचे होते.

जेवणाच्या रांगेत अध्यक्षा स्वतः त्यांच्यापाशी आल्या. "सर, सो सॉरी, आम्हाला टाइमच पुरला नाही!" असे इंग्रजीत म्हणून त्यांनी त्यांच्या ताटात दोन गुलाबजाम वाढले. मास्तर म्हणाले, मला एक विनंती करायची होती. "काहीही, सर, काहीही," अध्यक्षा म्हणाल्या, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोणीतरी पुऱ्या संपल्याचे ओरडले, आणि त्या "एक मिनिट" म्हणून गेल्या त्या आल्या नाहीत. मग पालक एकेक येऊन हात मिळवू लागले. प्रत्येक जण आभार मानी, प्रवासाला शुभेच्छा देई. प्रवास अजून ठरलेला नव्हता. ते प्रत्येकाला "मी असा विचार करत होतो की..." असे सुरुवातीचे शब्द म्हणत, आणि प्रत्येक जण मोठ्या आपुलकीने "जरूर, संपर्कात राहा" म्हणून पुढे सरके. ती अकरा वर्षांची मुलगीही आली. नजर वर ठेवून हात पुढे केला. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा लोक खुर्च्या घडी करत होते. मास्तर पुढच्या आसनावर, सुटावर शाल तशीच. पत्नी मागे, मांडीवर त्यांच्यासाठी बांधून घेतलेले डबे आणि तो नारळ. मी किल्ली फिरवणार तोच त्यांचा फोन वाजला. रविवारची वेळ होती. त्यांनी हाताने मला थांबायची खूण केली.

"हो, झाला. फारच थाटात... शाल दिली. नाही, चांगली उबदार आहे... तीनशे माणसं तरी असतील, सगळी उभी राहिली. तुला आवडलं असतं." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "बरं ऐक. मी विचार करत होतो. ती समुद्राकाठची जागा अजून मिळत असेल, तर... नाही, नाही. कोणी काही म्हटलं नाही. वर्ग आहेच. माझंच मन झालं. पुरे झालं आता." पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. तिचा आनंद मला शब्द न कळताही ऐकू येत होता. तेही हसले, दोनदा.

त्यांनी फोन खिशात ठेवला.

मागून पत्नी मराठीत म्हणाली, "समुद्राकाठी जाऊन बसतील. तिथे यांच्याशी खेळणार कोण?"

"काय म्हणाल्या?" त्यांनी मला विचारले.

मी जसेच्या तसे सांगितले.

ते शालीचे टोक नीट करत होते. "तिथे एक क्लब आहे, असं मुलगी आत्ताच म्हणाली," ते म्हणाले. "पत्त्यांचा."

मी गाडी सुरू केली.